नाल्याची हजेरी

महाराणा प्रताप नगरात न मोजलेली गोष्ट सापडणं कठीण. भोपाळात या वस्तीला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नाही. सगळ्यांच्या तोंडी एमपी नगर. तर या एमपी नगरात दुकानाचा गाळा चौरस फुटावर मोजतात, विद्यार्थी पर्सेंटाइलवर मोजतात, क्लासची लायकी निकालाच्या फलकावर मोजतात आणि फलकाची लायकी त्यावर चिकटवलेल्या पासपोर्ट फोटोंच्या संख्येवर. झोन एक आणि झोन दोन मिळून इथे जे असंख्य कोचिंग क्लास आहेत तिथे बोट टेकवून हजेरी लागते, कारण चिरंजीव फिजिक्सच्या तासाला बसले आहेत की पोहे-जिलबीच्या गाडीवर उभे आहेत, हे बैतूल-छिंदवाड्याला बसलेल्या आईवडिलांना मोबाइलवर कळायला हवं. अशा हिशेबी वस्तीत हजेरीपटावर नाव नसलेला रहिवासी एकच, आणि तो म्हणजे नाला. तो बाजारपेठेच्या आधीपासून इथे राहतो, भाडं देत नाही, जागा खाली करत नाही आणि पावसाळ्यात न बोलावता दुकानात येतो. त्याची खोली किती, वेग किती, प्रकृती कशी, तो येतो कुठून आणि जातो कुठे, असं बोर्ड ऑफिस चौकात विचारलं तर चार माणसं चार दिशांना बोट दाखवतील, आणि चौघांचाही आत्मविश्वास सारखाच दांडगा असेल.

नाल्याची याला हरकत नाही. वेळ आली की तो स्वतःच हजेरी देतो. २०२५ च्या जुलैत ज्योती टॉकीजजवळचा रस्ता खचला आणि भर वर्दळीत भगदाड पडलं, तेव्हा आपण इतकी वर्षं एका जुन्या नाल्याच्या डोक्यावरून ये-जा करत होतो, ही माहिती अनेकांना पहिल्यांदा मिळाली. आता तो जातो कुठे, याचं उत्तर खरं तर सोपं आहे. भोपाळची जमीनच अशी उतरती की इथलं पाणी कोणत्याही वाटेनं निघालं तरी शेवटी बेतवेला मिळतं: काही कलियासोत नदीतून भोजपूरच्या अंगानं, काही पातरा नाल्यातून हलाली नदीमार्गे. बेतवा विदिशा, ओरछा करत हमीरपूरपाशी यमुनेत शिरते आणि यमुना प्रयागराजला गंगेत. म्हणजे एमपी नगरात टपरीमागे भिरकावलेल्या कागदी कपाला तत्त्वतः ओरछ्याला रामराजाचं दर्शन, प्रयागला संगमस्नान आणि पुढे काशी अशी विनातिकीट यात्रा घडायला हरकत नाही. व्यवहारात मात्र बहुतेक कप पहिल्याच जाळीत अडकतात, आणि यात्रेला निघालेलं पाणी मग तळमजल्यावरच्या दुकानात मुक्काम करतं.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की हा नाला साफ करण्याआधी तो मोजावा, रोज मोजावा, आणि हे काम त्याच्या काठावर ज्यांचा दिवस जातो त्यांनीच करावं. पर्यावरणाच्या बाबतीत आपली प्रथा नेमकी उलटी. ५ जून आला की एका रोपाला सात जणांचे हात लागतात आणि रोप सोडून सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. सरकारही अभियानं काढतं. मध्य प्रदेशात २०२५ मध्ये जल गंगा संवर्धन अभियान ३० मार्च ते ३० जून असं चाललं. पावसाआधी साफसफाई व्हावी हा हेतू चांगलाच. पण अभियानाला समारोप असतो, नाल्याला नसतो. त्याचा खरा हंगाम समारोपानंतर सुरू होतो. मोजमापाला उद्घाटनही शोभत नाही आणि समारोपही. रोज सकाळी पुलाच्या खांबावरची रेघ बघून वहीत आकडा टाकणाऱ्या माणसाच्या गळ्यात हार कोण घालणार? या कामात फोटो निघत नाहीत, हाच त्याचा मोठा गुण, कारण त्यामुळे ज्यांना फक्त फोटो हवा असतो ते आपोआप गळतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. हे सरकारचं काम आहे, आम्ही कर भरतो. आक्षेप रास्त आहे, आणि एमपी नगरकरांच्या तोंडी तर विशेष रास्त, कारण पाण्याची काळजी वाहणाऱ्या कचेऱ्यांची एवढी दाटी फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते. केंद्रीय भूजल मंडळाचं विभागीय कार्यालय शेजारच्या अरेरा हिल्सवर. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि केंद्रीय मंडळाचं विभागीय कार्यालय अरेरा कॉलनीत, दोन्ही एकाच पर्यावरण परिसरात. राष्ट्रीय हरित लवादाचं मध्य विभागाचं खंडपीठ भोपाळातच. १९९४ साली गाजत सुरू झालेलं राज्याचं पाणलोट मिशनही इथूनच चाललं. मोठ्या तळ्याचं तर काय विचारावं! त्याची पूर्ण पातळी १६६६.८० फूट, म्हणजे दशांशानंतर दोन आकडे; पावसाळ्यात त्या पातळीकडे किती इंच उरले याची बातमी रोज येते, आणि भदभदा धरणाची दारं उघडली की अर्धं शहर भुट्टे घेऊन बघायला जातं. तळं म्हणावं तर आमचं, बाकीची डबकी, असं भोपाळकर अभिमानानं सांगतो, आणि रामसर यादीनं २००२ मध्ये त्यावर शिक्काही मारला. मोजण्याची विद्या शहरात आहे, माणसं आहेत, यंत्रं आहेत. नाल्याजवळ मात्र त्यांतलं काही फिरकत नाही.

यात कुणाचा आळस शोधण्याचं कारण नाही. हिशेबच जमत नाही. देशभरात पाण्याच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवणारी सरकारी केंद्रं चार हजारांहून अधिक, पण नमुना घ्यायचा महिन्यातून किंवा तिमाहीतून एकदा. एवढ्यात गंगा, नर्मदा, गोदावरी आणि त्यांचा सगळा गोतावळा बसवायचा. एमपी नगरच्या नाल्याची पाळी येईपर्यंत पंचवार्षिक निवडणूक दोनदा होऊन जाईल. शिवाय नमुना घेणारी गाडी कचेरीच्या वेळेत येते. नाला कचेरीची वेळ पाळत नाही. हॉटेलांची भांडी रात्री अकरानंतर धुतली जातात. पहिल्या जोरदार सरीच्या पहिल्या अर्ध्या तासात रस्त्यावरचं तेल, धूळ, टायरची भुकटी आणि उरलेली चटणी एकदम खाली उतरते. त्या अर्ध्या तासात पाणी सर्वांत घाण असतं आणि त्याच अर्ध्या तासात प्रत्येक शहाणा माणूस छपराखाली उभा असतो. प्रयोगशाळेचा आकडा दशांशापर्यंत अचूक असेल, पण तो एका मंगळवारचा, सकाळी साडेअकराचा. उरलेल्या एकोणतीस दिवसांबद्दल ती प्रयोगशाळा आणि टपरीवाला यांच्यात फरक एवढाच की टपरीवाला तिथे होता.

जागेवर असण्याला किती किंमत आहे, हे मराठी वाचकाला २६ जुलै २००५ या तारखेनं कायमचं शिकवलेलं आहे. त्या दिवशीच्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझच्या पर्जन्यमापकानं ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि कुलाब्याच्या मापकानं जेमतेम ७३. शहर एक, दिवस एक, आकाशही बहुधा एकच. एखाद्यानं कुलाब्याच्या आकड्यावर विसंबून कुर्ल्याला जायचं ठरवलं असतं तर त्याचं काय झालं असतं, ते सांगायला नको. भोपाळचा पाऊसही आपण असाच ऐकतो: बैरागढला इतका, अरेरा हिल्सवर इतका. तो आकडा त्या त्या जागेपुरता खरा. एमपी नगरच्या छपरांवर किती पडला ते एमपी नगरच्या छपरावर ठेवलेलं भांडंच सांगेल. आणि ते सांगणं साधं नसतं: एक हेक्टर जागेवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. जिथे माती होती तिथे फरश्या बसवल्यावर त्या लाखातलं बरंचसं जमिनीत न मुरता नाल्याच्या दाराशी एकाच वेळी येऊन उभं राहतं, आणि दार मात्र जुन्या मापाचं असतं.

स्थानिक माणूस विरुद्ध दरबारी तज्ज्ञ हा वाद भोपाळात नवा नाही. शहराची दंतकथाच त्यावर उभी आहे. अकराव्या शतकातल्या राजा भोजाला असाध्य आजार जडला आणि त्याला सांगण्यात आलं की ३६५ प्रवाहांचं पाणी एका तळ्यात आणून त्यात स्नान केलंस तर बरा होशील. राजाच्या माणसांनी बेतवेचं खोरं पालथं घातलं आणि ३५९ प्रवाह शोधून काढले. आजच्या भाषेत अठ्ठ्याण्णव टक्के काम पूर्ण. आजचं कुठलंही खातं एवढ्यावर फीत कापून मोकळं झालं असतं. भोजाला मात्र आजार बरा करायचा होता, त्यामुळे त्याला उरलेले सहा हवे होते. ते सापडले एका गोंड सरदाराला, कालिया नावाच्या. त्यानं एक आडबाजूची नदी दाखवली, तिच्या उपप्रवाहांसह आकडा भरला, आणि त्या नदीला त्याचं नाव मिळालं: कलियासोत. एकोणिसाव्या शतकात विल्यम किंकेड या इंग्रज अधिकाऱ्यानं ही कथा लिहून ठेवली. ती इतिहास म्हणून सिद्ध करण्याच्या भानगडीत पडायला नको; एवढं मात्र खरं की एक हजार वर्षांपूर्वीच्या राजाला सर्वेक्षणातली त्रुटी मान्य करायला लावणारी गोष्ट या शहरानं जपून ठेवली आहे. कालियाकडे दुर्बीण नव्हती, पदवी नव्हती. तो त्या रानात राहत होता, इतकीच त्याची पात्रता.

दुसरा आक्षेप उपकरणांचा. त्याला उत्तर इतकं स्वस्त आहे की गंभीर माणसांना ते थोडं अपमानास्पद वाटेल. पाऊस मोजायला सरळ बाजूंचं भांडं, पट्टी आणि सकाळी साडेआठ ही वेळ. वेधशाळाही त्याच वेळेला दिवस मोजते. पातळीसाठी पुलाच्या खांबावर रंगवलेली फूटपट्टी. वेगासाठी नारळ. नाल्यात नारळ टाकणं हे आपल्याकडे फारसं शिकवावं लागत नाही. फक्त हात जोडून झाल्यावर घड्याळ बघायचं. नारळ अर्धा पाण्यात बुडून तरंगतो, त्यामुळे वाऱ्याच्या नादी लागत नाही, आणि संत्र्यासारखा मध्येच कुणी सोलून खात नाही. दहा मीटर जायला वीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर; पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं म्हणून त्याला ०.८५ नं गुणायचं. नाला दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल असेल तर उत्तर येतं सेकंदाला ४२५ लिटर, तासाला पंधरा लाखांच्या वर. गढूळपणा बघायला ताटली पुरते. १८६५ साली पिएत्रो आंजेलो सेक्की नावाच्या जेसुइट धर्मगुरूनं पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीनं सोडली आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते लिहून ठेवलं. आज जगभर तलावांवर तीच तबकडी सोडतात आणि तिला सेक्कीचंच नाव आहे. पोपच्या आरमाराला जे उपकरण चाललं ते एमपी नगरच्या व्यापारी संघाला चालायला हरकत नसावी. उथळ नाल्यासाठी तीच तबकडी पारदर्शक नळीच्या तळाशी बसवतात, म्हणजे आत उतरायलाही नको.

याहून खात्रीचे निरीक्षक नाल्यात आधीच नोकरीला आहेत. स्वच्छ, खळाळत्या ओढ्यात दगडाखाली मेफ्लाय या किड्याची पिल्लं सापडतात. पाण्यातला प्राणवायू घटला की ती पहिल्यांदा राजीनामा देतात. मग येतात लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे इतरांचा जीव गुदमरेल अशा चिखलातही त्यांचं बरं चालतं. त्याहून वाईट पाण्यात एक शेपटीवाली अळी असते. शेपटीची नळी हवेत वर काढून ती श्वास घेते, म्हणजे ती ज्या पाण्यात राहते त्या पाण्यावर तिचा स्वतःचाही विश्वास नसतो. बाटलीतला नमुना त्या क्षणाचं सांगतो, या अळ्या गेल्या कित्येक दिवसांचं सांगतात, आणि तपासणीच्या आदल्या रात्री कुणी वरून पाणी सोडून नाला धुतला तरी त्यांची साक्ष फिरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानंही या जीवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत स्वीकारलेली आहे. मंडळाची रासायनिक प्रतवारी तर एमपी नगरातल्या पालकांना लगेच कळावी अशी: ए ते ई. पहिल्या वर्गातल्या पाण्यात लिटरमागे निदान सहा मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा. ई म्हणजे शेतीला आणि कारखान्याची यंत्रं थंड करायला चालेल. त्याखालीही एक शेरा असतो, ई च्या खाली. क्लासमध्ये असा शेरा मिळाला तर पालकांना बोलावून घेतात. नाल्याचे पालक कोण, इथेच घोडं अडतं.

तिसरा आक्षेप जरा वजनाचा आहे: हौशी माणसांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? कुणी चुकीची रेघ वाचेल, कुणी रविवारचा आकडा सोमवारी आठवून लिहील, कुणी नारळ सोडून घड्याळ सुरू करायला विसरेल. हे सगळं होईल. घरातला थर्मामीटर इस्पितळातल्या यंत्राइतका काटेकोर नसतो, पण ताप चढतोय की उतरतोय हे तोच सांगतो, कारण तो दर चार तासांनी लावला जातो. नोंद रोजची असली की एखादी चूक वेगळी उठून दिसते; वर्षाला एकच नोंद असली की चूक हेच सत्य होऊन बसतं. आणि यात महाराष्ट्राचं उदाहरण हाताशी आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी करणारे विलासराव साळुंखे हे मुळात अचूक मापनाची उपकरणं बनवणारे पुण्याचे कारखानदार. त्यांनी पाण्यालाही तोच न्याय लावला: माणशी अर्ध्या एकरापुरतं पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या गावकऱ्यांनी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावली. पाऊस कमी असेल त्या वर्षी कोणतं पीक घ्यायचं नाही हे ताळेबंद सांगतो. ऊस न लावण्याचा निर्णय ज्या आकड्यांवर महाराष्ट्रातला शेतकरी घेतो, त्या आकड्यांच्या विश्वासार्हतेबद्दल आणखी पुरावा कशाला मागायचा? आंध्रातही सात जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी आपल्या बोअरवेलची पातळी स्वतः मोजून पिकांचं अंदाजपत्रक बसवलं, तेव्हा त्यांतल्या कुणाजवळही जलशास्त्राची पदवी नव्हती.

आणि भोपाळला तर हा धडा फार महाग पडला आहे. इथे विनोद बाजूला ठेवावा लागतो. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या कारखान्याभोवतीच्या वस्त्यांमधलं भूजल बिघडलंय, असं तिथले लोक सांगत होते. १९९० मध्ये कार्यकर्त्यांनी नमुने बोस्टनच्या एका नागरी प्रयोगशाळेतून तपासून घेतले आणि त्यांत घातक रसायनं निघाली. मग वर्षानुवर्षं इन्कार, पुन्हा तपासण्या, पुन्हा इन्कार. शेवटी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरातही २०१५ मध्ये नळाच्या पाण्यात शिसं असल्याचं रहिवाशांनी गोळा केलेल्या शेकडो नमुन्यांवरून सिद्ध झालं. अधिकारी आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. दोन्हीकडे लोकांचे आकडे अपुरे असतील, पण जे दिसत होतं ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या बाजूकडे होता फक्त आत्मविश्वास.

चौथा आक्षेप म्हणजे, अहो, हा नाला आहे, नदी थोडीच आहे! कायद्याला हे ठाऊक नाही. १९७४ चा जलप्रदूषण कायदा प्रवाहाच्या व्याख्येत नदीबरोबर वाहता किंवा तूर्त कोरडा असलेला कोणताही जलमार्ग घेतो, म्हणजे मे महिन्यातला रिकामा ओहोळसुद्धा त्याच्या लेखी पाण्याचाच माणूस. मुंबईकर मिठी नदीला नालाच समजत होते. २००५ च्या जुलैत तिनं गैरसमज दूर केला. नागपूरला नाव देणारी नाग नदी गावात नाला म्हणून ओळखली जाते, आणि तिला पुन्हा नदी करण्याच्या योजनेचा आकडा दोन हजार कोटींच्या घरात गेला. नाला म्हणून हिणवणं फुकट असतं, पुन्हा नदी म्हणवून घेणं फार महाग पडतं. एमपी नगरच्या नाल्याबद्दल शंका असेल तर एकच चाचणी करावी, तीही उपकरणाविना: मेच्या मध्यावर जाऊन बघावं. महिनोन्‌महिने पाऊस नाही, पारा चाळिशीच्या वर, आणि नाला तरीही वाहतोय? मग ते पाणी आभाळातून आलेलं नाही. नद्या हंगामी होत चालल्या आणि नाले बारमाही, ही आपल्या शहरांनी निसर्गावर केलेली सुधारणा आहे. वहीत मेच्या तारखेसमोर आलेला आकडा सांडपाण्याचा, आणि जुलैच्या आकड्यातून तो वजा केला की उरतो तो पावसाचा. एवढ्या वजाबाकीनं नालेसफाईचं काम आणि सांडपाण्याच्या वाहिनीचं काम वेगवेगळं होतं, आणि कोणती तक्रार कोणत्या टेबलावर न्यायची हे कळतं.

वेळ कुणाला आहे, हा आक्षेप एमपी नगरात घेताना तरी जिभेनं अडखळायला हवं. कुठल्याही दिवशी दुपारी इथल्या चहाच्या गाड्यांभोवती अशी शेकडो मुलं उभी असतात की ज्यांना अनुमापनाचं गणित झोपेत सोडवता येतं, बर्नोलीचं समीकरण पाठ आहे, आणि पाण्यातला प्राणवायू काढायची विंकलरची १८८८ ची पद्धत, म्हणजे निळा रंग नाहीसा होईपर्यंत थेंब थेंब सोडायचं काम, ज्यांच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या आवाक्यातलं आहे. एवढी रसायनविद्या एका चौरस किलोमीटरात क्वचितच साठलेली असेल, आणि ती सगळी चार पर्यायांपैकी एक गोल काळा करण्यात खर्च होते. त्यांनी नाल्यात उतरावं असं कुणी म्हणत नाही. उतरूच नये, हातमोजे घालावेत, पूर आलेला असताना पुलावरूनच बघावं. क्लासचालकांना काळजी वाटेल की मुलं नाल्यावर गेली तर निकाल घसरेल. व्यापाऱ्यांना वाटेल की आकडे बाहेर आले तर गाळ्याचा भाव घसरेल. भाव आकड्यानं घसरतो की दारासमोरचा रस्ता खचल्यानं, याचा विचार त्यांनी ज्योती टॉकीजच्या दिशेनं तोंड करून करावा.

कायद्याच्या जाणकाराचा शेवटचा खोडा असा की लोकांनी घेतलेला नमुना न्यायालयात टिकत नाही. बरोबर आहे, अधिकृत नमुन्याला नोटीस लागते, तो दोन भागांत घ्यावा लागतो, त्याला सील लागतं. पण वहीचं काम शिक्षा देणं नाही, अधिकृत नमुना कधी आणि कुठे घ्यायचा हे सांगणं आहे. १९८८ च्या दुरुस्तीनं त्याच जलप्रदूषण कायद्यात साठ दिवसांची नोटीस देऊन कुणाही व्यक्तीला थेट न्यायालयात तक्रार नेण्याची वाट ठेवली, आणि त्या नोटिशीत तारीख, वेळ, पातळी, वास असं लिहिलेलं असलं तर तिला उत्तर देणं नुसत्या घाण वास येतो या अर्जापेक्षा अवघड जातं. उलट मोजमाप नसलं की चांगला निकालही हवेत राहतो. २०१४ मध्ये हरित लवादानं कलियासोतच्या दोन्ही काठांना ३३ मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. आकडा स्पष्ट होता. मग वर्षानुवर्षं घोळ चालला तो ते ३३ मीटर कुठून मोजायला सुरुवात करायची याचा. भर पावसात पाणी कुठवर येतं, याची काठावरच्या लोकांनी दहा वर्षं ठेवलेली नोंद असती, तर त्या प्रश्नावर फीत कापता आली नसती, पण फीत टाकता आली असती.

मग एवढं मोजून होणार काय? एमपी नगर तुंबलं की दुसऱ्या दिवशी एक वाक्य ठरलेलं असतं: यंदा पाऊसच असाधारण झाला. ज्या वस्तीकडे वही नसते तिथे दर वर्षीचा पाऊस असाधारण असतो, आणि असाधारण पावसापुढे पालिका, कंत्राटदार, दुकानदार सगळेच निर्दोष सुटतात. आरोपी म्हणून उरतं आकाश. वहीत जर लिहिलेलं असेल की गेल्या तीन वर्षांत याहून मोठा पाऊस पाच वेळा होऊन गेला, आणि यंदाच्या साध्या सरीतही पाणी खांबावरच्या लाल रेघेच्या वर गेलं ते जाळी तुंबल्यापासून, तर दोष आभाळातून उतरून त्या जाळीवर येतो. आभाळाची निविदा निघत नाही, जाळीची निघते. आभाळ कुणाच्या अखत्यारीत हे विचारता येत नाही, जाळीबद्दल विचारता येतं. वहीनं नाल्याची नदी होणार नाही, बेतवा स्फटिकासारखी होणार नाही, आणि मेफ्लाय दुसऱ्या दिवशी परत येणार नाही. पण साहेबांना पुढच्या जुलैत नवं कारण शोधावं लागेल, आणि नवं कारण शोधण्यापेक्षा जाळी साफ करून घेणं कुठल्याही कचेरीला सोपं पडतं.